खळ घातलेले फलालीन

९ जानेवारी १९६२. जीव सात.

प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर, अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी राखलेल्या खोलीत, त्या सकाळी एवढे जीव होते. एकाचेही नाव ठेवलेले नव्हते. त्या खोलीच्या बरोबर खाली, तळघरात, शिवणखोली होती, आणि तिथे गळ्यात काळ्या फितीने कात्री अडकवलेली एक बाई वीसेक वर्षे या मुलांसाठी कापड बेतत आली होती. तिला सगळे कात्रीमावशी म्हणत. झोपतानाही ती कात्री काढत नाही असा प्रवाद होता. तिने तो कधी खोडून काढला नाही.

मावशीचा नवरा याच इमारतीच्या धुलाईखान्यात होता. तो गेल्यावर धुलाईखाना त्याच्या धाकट्या भावाकडे आला आणि शिवणखोली तिच्याकडे. दीर-भावजयीची बिऱ्हाडे मागच्या भिंतीला लागून, शेजारी शेजारी. चूल मात्र एक. मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. तेव्हा भांडण, थट्टा, सल्लामसलत, जे काही असेल ते दिराशी आणि जावेशी.

तिच्या हाताखालून चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले असे सगळेच जाई. पण तिचा जीव फलालीनवर होता. फलालीन मुळात लोकरीचे. सामान्य घरांत आणि सरकारी कपाटांत येते ते सुताचे. विणून झाल्यावर तारेच्या बारीक दातांनी खरवडून त्याचे केस उभे करतात, आणि त्या केसांत हवा अडकून राहते. ऊब म्हणतात ती या अडकलेल्या हवेची. मावशीला हे कुणी असे समजावून सांगितले नव्हते. नवा तागा आला की ती त्यावरून पालथा हात फिरवी आणि म्हणे, "अजून परकं आहे." मग तो धुवायचा, वाळवायचा, पुन्हा धुवायचा, हाताला माणसाळलेला लागेपर्यंत त्याला ती कात्री लावत नसे.

मऊ झालेले फलालीन आधी बाळांना. तिथे विरले की रोग्यांच्या छातीला बांधायला. त्यानंतर औषधखान्यात, काढे गाळायला. तिथून पितळी कड्या आणि हत्यारे पुसायला, आणि अखेर दिराच्या इस्त्रीच्या टेबलावर, घडीवर घडी घालून, गादी म्हणून. "माणसं आयुष्यात वर चढतात," मावशी म्हणे, "हे बिचारं जन्माला येतं तेच सगळ्यांत वर, आणि मग एकेक पायरी उतरतं."

"वहिनी, एवढी नोकरी झाली त्याची," दीर म्हणे, "पेन्शन बांधून द्या एकदा."

मात्र ज्यांच्यासाठी ती हे करी त्यांना तिने कधी पाहिले नव्हते. वरच्या खोलीत बाहेरच्याने जायचे नाही असा नियम होता, आणि शिवणखोली ही बाहेरची. गठ्ठा दाराशेजारच्या झडपेतून आत सरकवायचा आणि परत फिरायचे. टोपड्यांचे माप ती स्वतःच्या मुठीवर घेई. एकदा मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे त्या खोलीचा कारभार जिच्याकडे होता त्या परिचारिकेने, झडपेतून सांगितले होते, "मावशी, टोपडी मोठी होतात. मुठीपेक्षा लहान करा." मावशी हो म्हणाली, आणि घरी येऊन जावेला म्हणाली, "मुठीपेक्षा लहान! बाळं आहेत की बोरं?" टोपडी तिने मुठीएवढीच ठेवली. वाढत्या अंगाला होतील, हा तिचा हिशेब.

त्या जानेवारीत वरच्या कचेरीतून पाहणीला माणसे यायची होती. खिडक्यांना रंग लागला, पायऱ्या घासल्या गेल्या. मावशीने आपले कपाट उघडले आणि तिला प्रथमच ते परक्या डोळ्यांनी दिसले. धुऊन धुऊन लोळागोळा झालेले, कडा वाकड्या झालेले, रचले तर एका अंगाला कलंडणारे ढीग. ज्या मऊपणासाठी तिने इतकी वर्षे हात झिजवले तोच तिला दळभद्री वाटू लागला. आपली लक्तरे आपणच वेशीवर कशाला टांगा, असे मनाशी म्हणत ती सगळे ढीग उचलून धुलाईखान्यात गेली.

"भावोजी, या खेपेला खळ द्या याला."

दिराने इस्त्री उभी केली. "फलालीनला खळ? वहिनी, ताप-बिप आलाय का?"

"चादरींना देता ना?"

"चादर अंगाखाली असते. हे अंगाभोवती असतं."

"कळतं मला. पाहणी होऊन जाऊ दे, दुसऱ्या दिवशी धुऊन काढू."

"केस बसतील त्याचे."

"बसू देत. एक दिवस ताठ उभं राहिलं तर काय बिघडतंय?"

"माझं काय जातंय," दीर म्हणाला. "आमच्या आईची आठवण होईल कपाटाकडे बघून. ती पण अशीच, पाहुणे आले की ताठ."

दोघे हसले. खळ झाली, कडक इस्त्री झाली, आणि कपाटात पांढऱ्या विटा रचाव्यात तसे ढीग उभे राहिले. मावशीने त्यांच्या सरळ कडांवरून बोट फिरवले. त्या संध्याकाळी झडपेतून वर गेला तो मऊ कापडाचा शेवटचा गठ्ठा होता, हे तिच्या लक्षात होते. पण एका दिवसाचाच तर प्रश्न होता.

पाहणीच्या दिवशी, म्हणजे नऊ तारखेला, पहाटेपासून वारा सुटला. त्याच्यासोबत बर्फासारखा गार पाऊस. विजेचे खांब आडवे झाले, रस्त्यावर झाडे पडली, आणि पाहणीला निघालेली माणसे वाटेतच अडकली. ती त्या दिवशी पोचलीच नाहीत. वरच्या खोलीतल्या, विजेवर तापणाऱ्या काचेच्या पेट्या हळूहळू निवत गेल्या.

आयाबाई धावत खाली आली. "मावशी, असेल नसेल तेवढं फलालीन वर मागितलंय." मावशीने कपाट रिकामे करून तिच्या हातांवर चढवले. थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजली ती आयाबाईची नव्हती. मोठ्या सिस्टर स्वतः खाली आल्या होत्या. त्यांच्या हातात एक तुकडा होता आणि तो धरल्या जागी आडवा, ताठ राहिला होता.

"मावशी, हे काय पाठवलंत? पुठ्ठा?"

"खळ दिलीय. पाहणी होती म्हणून. मीच सांगितलं."

"कोणी सांगितलं ते नंतर बघू." सिस्टरांचा आवाज चढला नव्हता. "गरम पाण्याच्या बाटल्या भरल्यात, त्यांना गुंडाळायला मऊ लागतं, नाहीतर कातडी भाजते. घोंगड्या आहेत, पण त्या छातीला घोंगडीचं वजन पेलत नाही, श्वास अडतो. आणि दर थोड्या वेळानं अंगाखालचं ओलं होतं. मला मऊ पाहिजे, कोरडं पाहिजे, आणि आत्ता पाहिजे."

"धुऊन देते."

"वाळवणार कशावर? बाहेर बघितलंत?"

त्या वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "सगळ्यांत धाकट्याचे हात गार पडायला लागलेत." ओरडून बोलल्या असत्या तर मावशीला सोपे गेले असते.

ती धुलाईखान्यात गेली तेव्हा दिराच्या कानावर सगळे आधीच गेले होते. त्याने इस्त्रीच्या टेबलावरची चादर ओढून काढली आणि खालची गादी उसवायला घेतली. डागलेल्या, पिवळ्या पडलेल्या फलालीनच्या घड्या एकेक करून सुटू लागल्या. कितीतरी वर्षांपूर्वी मावशीनेच बेतलेले तुकडे होते ते. काहींच्या कडेला तिचा टाका ओळखू येत होता.

"हे घ्या. रोज इस्त्रीखाली भाजून निघालंय, याच्याएवढं कोरडं अख्ख्या इमारतीत सापडायचं नाही. चांगले तेवढे निवडा, वर पाठवा." मग वरून परत आलेल्या खळीच्या ढिगांकडे बोट दाखवत त्याने बायकोला हाक मारली. "चुलीवर पाणी चढव, मोठं पातेलं. खळ काढायचीय."

"आणि वाळवायचं?" मावशीने विचारले.

त्याने भिंतीशी ओळीने मांडलेल्या कोळशाच्या इस्त्र्यांकडे बोट दाखवले. "वीज मेली, कोळसा मेला नाही."

त्यानंतर धुलाईखान्यात जे चालले ते त्या खोलीने कधी पाहिले नव्हते. जाऊ गरम पाण्यात खळ सोडवी आणि पिळे. मग पिळलेला तुकडा दोघीजणी चार टोकांनी ताणून धरत, आणि दीर तापलेली इस्त्री त्याच्यावरून बोटभर अंतर ठेवून फिरवी. आयुष्यभर दाबायला शिकलेल्या हाताला आता न टेकवणे शिकायचे होते. टेकली की केस पुन्हा बसणार. कपाळावरचा घाम कापडावर पडू नये म्हणून तो मान वळवून उभा होता. तुकडा वाळला की मावशी तो मांडीवर घेई आणि डगले झाडायच्या ब्रशाने उलट्या दिशेने खरवडी. गिरणीत तारेचे दात करतात ते काम ती मनगटाने करत होती. केस उठत, पण फार हळू. वर चार तुकडे जात तोवर सहा ओले होऊन खाली येत.

"असं पुरं पडणार नाही," जाऊ म्हणाली. "जा तुम्ही. गावात फलालीन काय तुमच्याच कपाटात आहे होय?"

मावशी पावसात बाहेर पडली. तोपर्यंत तिच्या लेखी फलालीन म्हणजे तिने बेतलेले फलालीन. त्या दिवशी तिला कळले की हे कापड किती घरांत, किती निमित्तांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना पडून असते. कंपाउंडरने गाळणीसाठी राखलेले कोरे तुकडे काढून दिले. दारावरच्या पहारेकऱ्याने डगल्याची बटणे सोडून छातीचा फलालीनचा पट्टाच काढला.

"घामाचा आहे, मावशी."

"उकळून घेते. तुमचं काय?"

"मी कुडकुडतो की. मला सवय आहे, त्यांना नाही."

कोपऱ्यावरच्या चांभाराने बुटांना झिलई द्यायचे काळे फडके पुढे केले, तिचा चेहरा पाहून मागे घेतले, आणि पेटीच्या तळातून रंग न लागलेला नवा तुकडा शोधून काढला. व्हायोलिन शिकवणाऱ्या मास्तरांनी वाद्याला गुंडाळलेले जांभळे फलालीन सोडायला घेतले आणि त्यांच्या बायकोने हटकले, "अहो, थंडी लागते ना त्याला? मला तर हात लावू देत नाही."

"लागते," मास्तर म्हणाले, "पण मेलं तर दुसरं मिळतं."

रस्त्यापलीकडे लहान मुलांची शाळा होती. तिथल्या बाईंनी एका मोठ्या फळीवर हिरवे फलालीन ताणून बसवले होते. कागदाच्या चित्रांना मागून त्याच कापडाची चिंधी डकवली की चित्रे नुसत्या स्पर्शाने फळीवर चिकटून राहत. केसांत केस अडकून. मावशी दारात उभी राहिली तेव्हा फळीवर घर, गाय, झाड आणि सूर्य होता. तिने दोन वाक्यांत सांगितले. बाईंनी तिच्या ओल्या पदराकडे पाहिले आणि खिळे उचकटायला घेतले.

"बाई, सूर्य कुठे लावू?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

"खिशात ठेव. गायीला पण ठेव."

"बाई, गाय मावत नाही!"

मावशीने कापड हातावर घेतले. सव्वा वार, जाड, इतके मऊ की तिच्या तोंडून आपसूक "आई गं" निघून गेले. "रंग जातो का हो याचा?"

"तीन वर्षं झाली, कार्टी थुंकी लावून चित्रं चिकटवतात. गेला नाही अजून."

"आणून देते परत."

"सवडीनं आणा, पण आणा," बाई म्हणाल्या. "जंगल शिकवायचं राहिलंय."

हिरवे फलालीन घेऊन ती वर आली तेव्हा सगळ्यांचे हात अडकलेले होते. ज्या बाळंतिणींना बसता येत होते त्यांना सिस्टरांनी खोलीत आणून बसवले होते आणि मुले त्यांच्या छातीशी दिली होती. सगळ्यांत धाकट्याची आई तापाने दुसऱ्या खोलीत पडून होती. सिस्टरांनी झडपेतून मावशीकडे पाहिले आणि दार उघडले.

"हात धुवा. कोपरापर्यंत. डगला घाला. आणि ती कात्री काढा."

मावशीने फीत डोक्यावरून काढली. गळा एकदम हलका, उघडा वाटला. तिने उंबरठा ओलांडला.

ती पुढे अनेक वर्षे या क्षणाबद्दल बोलली, आणि दर वेळी शब्दांपाशी येऊन थांबली. सिस्टरांनी तिच्या मांडीवर जे ठेवले ते आधी तिला दिसलेच नाही; दिसले ते टोपडे. तिने शिवलेले, मुठीच्या मापाचे. ते डोळ्यांवरून, नाकावरून घसरून हनुवटीपर्यंत आले होते. सिस्टरांनी ते दोन बोटांनी मागे सारले आणि खाली एक चेहरा होता. पूर्ण. भुवया होत्या, नाकपुड्या होत्या, कपाळाला आठी होती. कातडीखालून निळ्या शिरा सुताच्या धाग्यांसारख्या दिसत होत्या. हाताला नखे होती, आणि ती कुणी बेतली असतील या विचाराने, जिचा जन्म बेतण्यात गेला ती बाई हबकून गेली. मुठीपेक्षा लहान. तिला सांगितले होते, आणि तिने विश्वास ठेवला नव्हता.

"श्वास मोजू नका," सिस्टर म्हणाल्या. "घाबराल. नुसतं धरा."

हिरव्या फलालीनचे दोन पदर बाळाभोवती, त्याच्या बाहेर तिचे हात, आणि सगळे मिळून तिच्या छातीशी. बराच वेळ काही झाले नाही. कापड मऊ होते आणि गार होते, आत काहीतरी अतिशय भरभर आणि अतिशय हलके चालले होते, एवढेच. कापडाला स्वतःची ऊब नसते हे तिला तिथे बसून उमगले. ते कुणाची तरी सांभाळून ठेवते. आणि या आतल्या जीवाकडे सांभाळायला देण्याजोगे फारसे काही नव्हते. तेव्हा कापडात जात होती ती ऊब तिची स्वतःची. पावसात भिजलेल्या, कोळशाशी शेकलेल्या अंगाची. कुणाचे अंग कुणाला पुरते, याची काही ठरलेली मर्यादा असेल असे तिला वाटत आले होते. ती मर्यादा तिला सापडेना.

दुपार उलटली. खालून तुकडे वर येत राहिले: भाजल्याचा वास असलेले, औषधांचा वास असलेले, एकावर व्हायोलिनच्या तारांचा पुसट ठसा. पायऱ्या उतरून गेलेले सगळे फलालीन पायऱ्या चढून परत आले होते. आणि मग कधीतरी तिच्या तळहाताला कापडातून काहीतरी लागले. तिने हात हलवून पाहिला, पुन्हा ठेवला. आतून येत होते. ऊब. तिने दिलेलीच असेल. पण आता ती परत येत होती, दुसऱ्या कुणाची तरी होऊन.

"सिस्टर," ती कुजबुजली, "हा तापतोय."

सिस्टरांनी बाळाचे पाऊल चाचपले. मग पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली. "तापत नाहीये, मावशी. कोमट झालाय. माणसासारखा."

दिवेलागणीला वीज आली तेव्हा खोलीत सातही जीव होते.

पुढच्या दोन दिवसांत मावशीने मागून आणलेले कापड धुऊन, वाळवून, ज्याचे त्याला पोचवले. पहारेकऱ्याच्या पट्ट्याला तिने नवी फीत लावून दिली. मास्तरांच्या जांभळ्या फलालीनच्या कडा दुमडून शिवून दिल्या. इस्त्रीची गादी दिराने पुन्हा शिवली, आणि शिवताना म्हणाला, "वहिनी, पेन्शनीतून परत कामावर घेतलं बिचाऱ्याला." ती हसली नाही. मुठीवरचे माप तिने मोडले. नवी टोपडी आता अंगठा सोडून मिटलेल्या चार बोटांवर होत. हिरवे फलालीन तेवढे वरच राहिले होते. धाकटा त्यातच शांत निजे, म्हणून सिस्टरांनी ते काढले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा गेला.

मावशी झडपेपाशी उभी राहिली. सिस्टर बाहेर आल्या. "फुप्फुसंच तयार नव्हती त्याची," त्या म्हणाल्या. "पेटीतही कदाचित राहिला नसता."

"खळ नसती तर?"

दुसरे कुणी असते तर पटकन काहीतरी बोलून गेले असते. सिस्टर विचार करत राहिल्या. "सकाळी तो बराच वेळ गार होता," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही, मावशी. खोटं सांगणार नाही."

मावशीने मान हलवली. हे उत्तर तिने आयुष्यभर जसेच्या तसे ठेवले. त्याच्यावर स्वतःच्या बाजूने किंवा विरुद्ध काही चढवले नाही.

त्याची आई आता उठून बसू लागली होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. त्याला न्यायच्या वेळी आयाबाई पांढरे कापड घेऊन आली, तेव्हा ती आई म्हणाली, "हिरवंच राहू दे ना. त्यात ऊब आहे." मावशी तिथेच होती. कापड शाळेचे आहे, हे तिथे हजर असलेल्यांपैकी तिला एकटीलाच ठाऊक होते. तिने आयाबाईच्या हातातले पांढरे कापड काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. फळी उघडी होती, खिळ्यांची भोके दिसत होती. चित्रे बाईंच्या टेबलावर आडवी मांडलेली होती आणि मुले भोवती गर्दी करून उभी होती.

"तुमचं कापड यायचं नाही, बाई," मावशी म्हणाली आणि का ते सांगितले. "भरून देईन."

बाईंनी विचारले, "किती दिवसांचा होता?"

मावशीने सांगितले. बाईंनी टेबलावरचा सूर्य उचलला, उगाच सरळ केला, परत ठेवला.

महिन्याभराने पाहणी झाली. कपाटात वाकड्या कडांचे, एका अंगाला कलंडलेले मऊ ढीग होते, आणि पाहणीला आलेल्या गृहस्थांनी शिवणखोलीत टापटीप नाही असा शेरा मारला. मावशीला तो वाचून दाखवला गेला तेव्हा ती तागा धुवायला टाकत होती. "बरोबर लिहिलंय," ती म्हणाली.

हिरव्या फलालीनसाठी ती दुकानोदुकानी हिंडली. इमारतीच्या ताग्यातून फाडून द्यावे असे तिच्या मनातही आले नाही, ते बाळांचे. एकदा हिरवे मिळाले, पण पातळ निघाले. बाईंनी त्यावर गाय लावून पाहिली, ती घसरून पडली. मावशीने पांढरे विकत घेऊन रंगवून पाहिले, रंगाने केस चिकटले. पुढे ती थकली, शिवणखोली दुसरीकडे गेली, आणि एका थंडीत, जावेच्या मांडीवर डोके ठेवून, ती गेली. कात्री दिराने आपल्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी टांगली.

सहा जण घरी गेले. शाळेचे सव्वा वार हिरवे फलालीन अजून देणे आहे.